रस्त्याखालचा पाइप आणि विषय क्रमांक 7

सभा लिपिक म्हणजे विषयपत्रिका काढणारा, ती नगरसेवकांच्या घरी पोचवून सही आणणारा, सभेत टिपणं घेणारा आणि नंतर इतिवृत्त लिहिणारा माणूस. चार तास सभागृह तापलेलं असलं तरी इतिवृत्तात शेवटी एक-दोन ओळीच उरतात: ‘सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ बाकीचं हवेत विरून जातं. जानेवारी 2019 मधल्या एका सर्वसाधारण सभेचं मात्र असं होऊ नये, असं मला फार वाटतं. म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

आमची नगरपरिषद मराठवाड्यातली, ‘क’ वर्गातली. म्हणजे लोकसंख्या पंचवीस ते चाळीस हजारांमधली. नळाला पाणी पाचव्या दिवशी, उन्हाळ्यात आठव्या-दहाव्या. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही जवळून पाहिलं होतं. त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली, पण 2018 चा पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. ऑक्टोबरअखेर सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही तालुका होता. अशा वर्षात सभेपुढचा सगळ्यात मोठा विषय होता बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्याचं काँक्रीटीकरण. विषय क्रमांक 7.

रस्ता हवाच होता. डांबर केव्हाच उखडलं होतं, पावसाळ्यात खड्ड्यात पाय घालून बाजार करावा लागे. शासनाकडून विशेष अनुदान मंजूर झालं होतं, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली होती, निविदाही उघडल्या होत्या. सभेने दर मंजूर केले की कार्यादेश निघणार. आणि घाई होती ती आचारसंहितेची. लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली. आचारसंहिता एकदा लागली की नवीन कामाचा आदेश देता येत नाही, म्हणजे सगळं थेट जूनवर गेलं असतं. त्यामुळे विषय पाच मिनिटांत उरकेल अशीच सगळ्यांची समजूत होती, माझीसुद्धा.

मी टिप्पणी वाचली. सूचकाने हात वर केला, अनुमोदकाने मान हलवली. तेवढ्यात प्रभाग 4 च्या नगरसेविका उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या. 50 टक्के आरक्षणामुळे निम्मं सभागृह बायकांचं होतं, पण बऱ्याच जणींच्या वतीने बोलायला त्यांचे यजमान बाहेरच्या व्हरांड्यात उभे असायचे. या बाईंचे यजमान कधी आले नाहीत. त्या एकट्या यायच्या, विषयपत्रिकेवर पेनाने खुणा करून आणायच्या.

“अध्यक्षा मॅडम, रस्त्याला माझा विरोध नाही. रस्ता माझ्याच प्रभागातून जातोय. पण त्याच्या खालचा पाइप माझ्या सासऱ्यांच्या काळातला आहे. वरून काँक्रीट झाल्यावर तो फुटला तर रस्ता फोडणार कोण आणि पुन्हा करून देणार कोण?”

नगर अभियंत्यांनी सांगितलं की नकाशाप्रमाणे जलवाहिनी रस्त्याच्या डाव्या कडेला आहे, काँक्रीटच्या पट्ट्याबाहेर, त्यामुळे अडचण नाही. बाई म्हणाल्या, “नकाशात असेल साहेब. पण मागच्या वर्षी लिकेज काढायला खड्डा केला तो रस्त्याच्या मधोमध. मी स्वतः उभी होते तिथं.”

यावर एक ज्येष्ठ नगरसेवक भडकले. चौथ्यांदा निवडून आलेला माणूस, गावाची नस न् नस माहीत असलेला. “ताई, एवढं चाळत बसलो तर गावात एक रस्ता व्हायचा नाही. निधी परत गेला तर लोक आपल्याला जोड्याने मारतील.” अर्ध्याहून जास्त बाक त्यांच्या बाजूने वाजले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. छोट्या नगरपरिषदेत अनुदान आणायला किती खेटे घालावे लागतात, मंत्रालयात किती वेळा फाइल शोधावी लागते, हे त्यांनी भोगलेलं होतं.

नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकारी तरुण होते, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. ते म्हणाले, “पाइप नेमका कुठं आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच विचारू.” आणि त्यांनी शिपायाला व्हॉल्व्हमनला बोलवायला पाठवलं.

सभागृहात व्हॉल्व्हमन येऊन बोलल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना सगळं गाव मामा म्हणतं. चप्पल दाराबाहेर काढून ते आत आले. हातात ती व्हॉल्व्हची चावी तशीच, छातीपर्यंत येणारी, वर आडवी दांडी असलेली लोखंडी. दुपारच्या पाळीचं पाणी सोडून ते सरळ इकडेच आले होते. नगराध्यक्षा म्हणाल्या, “मामा, बसा.” ते बसले नाहीत. चावी भिंतीला टेकवून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “एक कागद द्या.”

मी विषयपत्रिकेची कोरी मागची बाजू पुढे केली. मामांनी नकाशा काढायला घेतला. आधी रस्ता, मग खुणा: पिंपळ, जुनी चावडी, कापडाचं दुकान, मशिदीचा कोपरा. त्यातून पाइपाची रेघ. चावडीपर्यंत डावीकडे, तिथून रस्त्याच्या मध्ये, कापड दुकानापासून उजव्या गटारीला चिकटून. रेघेवर त्यांनी फुल्या मारल्या. प्रत्येक फुलीला थांबून सांगत होते: “इथं सिमेंटचा पाइप हाय, दोनदा फुटला. इथं जोड गळतो. इथं आन् इथं लाइन गटारीतून जाती.”

“गटारीतून म्हणजे?” कोणीतरी विचारलं.

“म्हंजे गटारीतूनच. पाणी चालू असलं तर पाइपातलं बाहेर येतं. पाणी बंद केलं की गटारीचं आत जातं.”

सभागृह गप्प झालं. ज्या गावांत पाणी दिवसाआड किंवा आठवड्याने येतं तिथला हा सगळ्यात मोठा धोका. चोवीस तास दाब असलेल्या वाहिनीत बाहेरची घाण सहसा शिरत नाही. रिकाम्या वाहिनीत मात्र शिरते, आणि वरून घरोघरी नळाचं पाणी ओढणाऱ्या छोट्या टिल्लू मोटारी लागल्या की ती घाण पार आतपर्यंत ओढली जाते. मग पहिल्या पंधरा मिनिटांचं पाणी बायका सांडून देतात. टाकीत क्लोरीन कितीही घातलं तरी शेवटच्या घरापर्यंत ते टिकत नाही. प्रभाग 4 च्या बाईंनी पर्समधून कागद काढला. त्यांच्या गल्लीत मागच्या पावसाळ्यात कावीळ झालेल्यांची घरं त्यांनी लिहून ठेवली होती. त्यांनी ती यादी मामांच्या नकाशाशेजारी ठेवली. घरं फुल्यांच्या आसपासच होती. बाई एवढंच म्हणाल्या, “आता तुम्हीच बघा.”

इथून सभेचा रंग बदलला. आता प्रश्न दोनच होते: रस्ता थांबवला तर निधी जाईल का, आणि पाइपाला पैसे कुठून आणायचे?

पहिल्याचं उत्तर लेखापालांनी दिलं. ते कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी अनुदानाचा शासन निर्णय काढून अटी मोठ्याने वाचल्या. खर्चाची मुदत चालू वर्षाच्या मार्चपर्यंत नव्हती, पुढच्या म्हणजे 31 मार्च 2020 पर्यंत होती. ‘निधी परत जाईल’ ही भीती महिनाभर गावभर फिरत होती, पण शासन निर्णय शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचलाच नव्हता. ज्येष्ठ नगरसेवकांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

दुसरा प्रश्न अवघड. रस्त्याच्या अनुदानातून पाइप टाकता येत नाही, त्या निधीचं लेखाशीर्षच वेगळं. स्वनिधीची अवस्था अशी की पगार आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल भागवताना नाकीनऊ येतात. दिव्यांग कल्याण, महिला व बालकल्याण यांच्यासाठी राखून ठेवलेले टक्के आहेत, पण त्यांना हात लावायचा नसतो आणि लावूही नये. उरला चौदाव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा निधी. तो मूलभूत सेवांसाठीच असतो, पाणीपुरवठा त्यात अगदी चपखल बसतो. पण त्या वर्षीच्या आराखड्यात आमच्याकडे तो प्रभागनिहाय पेव्हर ब्लॉकला वाटून टाकलेला होता. सगळ्यांना सारखं, म्हणजे कोणी रुसायला नको. ही पद्धत मला कधीच पटली नाही. सारखं वाटलं की भांडण मिटतं, पण गावाचं एकही मोठं दुखणं त्यातून बरं होत नाही.

पाणीपुरवठा अभियंत्यांकडे त्या वाहिनीचं अंदाजपत्रक तयार होतं, दोन वर्षं कपाटात पडून. त्यांनी आकडा सांगितला. पेव्हर ब्लॉकची बरीचशी कामं सोडली तरच तो भागणार होता. कोण सोडणार? पुढच्या निवडणुकीत दाखवायला आपल्या गल्लीतलं कामच लागतं. जमिनीखालचा पाइप कोणाला दिसत नाही आणि त्याच्यावर नावाची पाटीही लावता येत नाही.

सगळ्यात आधी बोलले ते तेच भडकलेले ज्येष्ठ. “माझ्या प्रभागातले पेव्हर ब्लॉक पुढच्या वर्षी धरा.” ते म्हणाले आणि खाली बसले. ते बाईंच्या विरोधी गटातले होते. त्यांच्या प्रभागाचा आणि त्या पाइपाचा काडीचाही संबंध नव्हता. एक क्षण कोणी काही बोललं नाही. मग त्यांच्या शेजारचे म्हणाले, “माझेही.” मग मागच्या बाकावरच्या दोघी. त्यांतल्या एकीने व्हरांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका सदस्याने मात्र नकार दिला. त्यांच्या वस्तीत शाळेची मुलं चिखलातून जात होती, गेल्या पावसात एक म्हातारी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. “मी सोडू शकत नाही, मला माफ करा,” असं त्यांनी उभं राहून सांगितलं. कोणी त्यांना टोकलं नाही, त्यांचं काम आराखड्यात कायम ठेवलं. मला ते फार योग्य वाटलं.

ठराव तिथेच तयार करायचा होता. नंतर कार्यालयात बसून लिहिला की शब्द मऊ होतात, हा माझा अनुभव. मी मुख्याधिकाऱ्यांची परवानगी घेतली आणि लिहिलं: ‘सदर रस्त्याखालील वितरण वाहिनी व घरगुती नळजोडण्या बदलण्याचे काम पूर्ण झाल्याचा पाणीपुरवठा अभियंता यांचा दाखला नस्तीत आल्याशिवाय काँक्रीटीकरणाचा कार्यादेश देण्यात येऊ नये.’ नस्ती म्हणजे कामाची फाइल. सभागृहात वाचून दाखवलं. बाईंनी एक दुरुस्ती सुचवली: दाखल्यावर व्हॉल्व्हमनची सही असावी. कुजबुज झाली. नियमात तसं कुठे नाही, पण नियमाच्या विरोधातही नाही. मुख्याधिकारी म्हणाले, “घ्या.” घेतलं. सूचक म्हणून ज्येष्ठांचं नाव, अनुमोदक प्रभाग 4 च्या बाई. सर्वानुमते मंजूर.

पुढचे दोन महिने सगळ्या विभागांची धावपळ झाली. तांत्रिक मान्यता, अल्पमुदतीची ई-निविदा, दर मंजुरी. 10 मार्चला आचारसंहिता लागली, पाइपाचा कार्यादेश त्याच्या चार दिवस आधी निघून काम जागेवर सुरू झालं होतं. जागेवर सुरू झालेलं काम आचारसंहितेत थांबवावं लागत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खोदाई झाली.

मी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभा राहायचो. चावडीसमोर चर खणल्यावर जुना पाइप निघाला तो मामांनी कागदावर काढला होता तिथेच, रस्त्याच्या मधोमध. बाजूच्या घरांना गेलेल्या लोखंडी जोडण्या गंजून चाळणी झालेल्या. कापड दुकानासमोर तर नळजोडणीचा तुकडा गटारीच्या गाळात पूर्ण बुडालेला होता. प्लंबरने तो वर ओढला तेव्हा हातात नुसता गंजाचा चुरा आला. दुकानाचे मालक बघत होते. ते म्हणाले, “अहो, हे पाणी आम्ही पीत होतो?” नवीन प्लास्टिकची वाहिनी पडली, जोडण्या गटारीच्या वरून घेतल्या, प्रत्येक जोडणीला तोटी बसवायला लावली. दाखल्यावर मामांनी सही केली, तारखेसकट.

रस्त्याचा कार्यादेश लोकसभेच्या निकालानंतर, पावसाळ्यात निघाला. विधानसभेची आचारसंहिता सप्टेंबरमध्ये लागली तेव्हा काम सुरू झालेलं होतं. काँक्रीट पडलं दिवाळीनंतर, निधीच्या मुदतीत. तो रस्ता आजवर पाण्यासाठी एकदाही फोडावा लागलेला नाही.

त्या नगरपरिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका लांबत गेल्या. त्या काळात सभा म्हणजे प्रशासकांच्या दालनात टेबलावर ठेवलेले ठराव. कामं भरभर झाली, हे खरं आहे. पण ‘मी स्वतः उभी होते तिथं’ असं म्हणणारं कोणी त्या दालनात नव्हतं. 2019 च्या ठरावातली अट त्या एका रस्त्यापुरती होती, म्हणून नंतरच्या रस्त्यांना ती लावली गेली नाही. बसस्थानकामागचा काँक्रीट रस्ता वर्षाच्या आत गळतीसाठी फोडला. तिथलं ठिगळ अजून दिसतं.

डिसेंबर 2025 मध्ये अखेर निवडणूक झाली. नवीन सदस्यांत निम्म्याहून जास्त चेहरे नवे आहेत. मामा निवृत्त झालेत, पण त्यांना विनंती करून पाणीपुरवठा विभागाने उरलेल्या प्रभागांच्या वाहिन्यांचे नकाशे त्यांच्यासोबत फिरून काढायला घेतलेत. विषयपत्रिकेच्या मागचा तो पहिला कागद मी नस्तीत जपून लावून ठेवला आहे. पुढच्या सभेपुढे रस्त्यांचे तीन प्रस्ताव आहेत. तिन्ही नस्त्यांना मी 2019 च्या ठरावाची प्रत जोडली आहे. दोन प्रस्तावांत पाणीपुरवठ्याचा दाखला आला आहे. तिसऱ्यात नाही, आणि तसं टिप्पणीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून दिलं आहे.