तुम्ही विचारलंत म्हणून: शिट्टीशिवायचा गोल

गोल्फ क्लब मैदानावर पोरांची मॅच संपून रेफ्रीने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या की कुणी ना कुणी येतंच. "सर, शिट्टी वाजलीच नव्हती, मग छेत्रीचा तो गोल कसा?" नाशकात आयएसएल, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगबद्दल एरवी कुणी चकार शब्द काढत नाही. हे मात्र सगळ्यांना विचारायचं असतं.

तुम्ही ती मॅच पाहिली असेल, तरी थोडक्यात. 3 मार्च 2023, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, एकाच सामन्याची बाद फेरी. जादा वेळेतलं 96वं मिनिट, 0-0, बंगळुरूला फ्री किक (फाऊलनंतर जागेवरून मारायचा चेंडू). केरला ब्लास्टर्सचा कीपर वॉल, म्हणजे गोलसमोर खेळाडूंची भिंत लावतोय, तेवढ्यात बंगळुरूच्या सुनील छेत्रीने चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. गोल दिला गेला, प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी टीम बाहेर बोलावली, ती परत आलीच नाही. सामना बंगळुरूला. पुढे ब्लास्टर्सला 4 कोटी दंड, वुकोमानोविच यांना 10 सामन्यांची बंदी आणि 5 लाख.

आता नियम. फ्री किकला शिट्टी लागतेच असं नाही. समोरच्यांना 9.15 मीटर मागे न्यायचं असेल, कार्ड दाखवायचं असेल, बदली खेळाडू किंवा जखमी खेळाडूसाठी खेळ थांबला असेल, तर शिट्टी हवी. एरवी चेंडू जागेवर स्थिर असला की मारा. अंतर मागायचं की नाही हे मारणाऱ्याने ठरवायचं. अंतर सोडून झटकन मारला आणि जवळच्या कुणाला आपसूक लागला, तर खेळ चालू. किक मारूच नये म्हणून कुणी मुद्दाम आडवा आला तर पिवळं कार्ड. छेत्रीने नंतर सांगितलं की शिट्टी नको, वॉल नको असं त्याने रेफ्रीला आधीच सांगितलं होतं. मग भांडण कशाचं?

त्या आठवड्यात माझं उत्तर हेच होतं, तेही छातीठोक. आजही गोल नियमात बसतो असंच म्हणेन. पण ब्लास्टर्सचा मुद्दा तेव्हा मी उडवून लावला, ते चुकलं. रेफ्रीने स्प्रेने जागा आखून दिली, म्हणजे किक 'क्विक' उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. स्प्रे मारला की शिट्टीची वाट बघा, असं नियमात कुठेही नाही. मान्य. पण मैदानावर खेळाडू नियमाचं पुस्तक वाचत नाही, रेफ्रीचे हात वाचतो. रेफ्री वाकला, रेघ मारली, की अकराच्या अकरा जण सैल पडतात. आपल्याकडे फक्कीच्या रेघाही पहिल्या पावसात वाहून जातात, स्प्रे कुठला? तरी रेफ्री चेंडूपाशी नुसता उभा राहिला की पोरं पाठ फिरवतात.

म्हणून कोचला सांगणं एवढंच. वॉल कीपरने लावायची नाही. खांबापाशी जाऊन एक डोळा मिटून 'डावीकडे, डावीकडे' ओरडत बसला की गोल उघडा. हे काम कीपर सोडून मैदानातल्या एका खेळाडूने करावं. दुसऱ्या एकाने चेंडूवरची नजर काढायची नाही. रेफ्रीने शिट्टी हातात धरून वर दाखवली आणि तिच्याकडे बोट केलं, मगच कीपरने जागा सोडायची. चेंडूवर पाय रोवून उभं राहण्याची चलाखी करू नका, कार्ड मिळेल.

आणि रेफ्रींनो, अंतर मागितलं की मोठ्याने "शिट्टीवर" म्हणा, दोन्ही टीमना ऐकू जाईल असं. मागितलं नसेल तर चेंडू आणि वॉलच्या मधून बाजूला व्हा. मधेच घुटमळलात तर दोघांनाही वाटतं, आपलंच बरोबर.

टीम बाहेर नेणं चूकच, त्यात माझं दुमत नाही. दंडाचा आकडा योग्य होता का, हे विचारू नका. त्यावर माझं मत दर मॅचला बदलतं.