कुठे किती वेळ बसावे

हॉटेलात जायचे ठरले की बहुतेक लोक आधी काय खायचे ते ठरवतात. मी आधी किती वेळ बसायचे आहे ते ठरवते. ही सवय मला नोकरीने लावली. १९९४ साली मी फोर्टमधल्या एका कार्यालयात रुजू झाले तेव्हा जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती, आणि डबा नेणे जमले नाही त्या दिवशी त्या अर्ध्या तासात जिना उतरणे, रस्ता ओलांडणे, जागा मिळवणे, खाणे आणि परत येऊन खुर्चीत बसणे एवढे सगळे बसवावे लागे. पुढे मुलगी माटुंग्याला नृत्याच्या वर्गाला जाऊ लागली आणि दर शनिवारी माझ्याकडे नेमके उलट काम आले. दोन तास कुठेतरी काढायचे होते, तेही शक्यतो पंख्याखाली आणि कोणाच्या कपाळावर आठी न आणता. या दोन गरजांनी मला मुंबईची साधी हॉटेले जेवढी शिकवली तेवढी जिभेने शिकवली नसती.

अर्ध्या तासाचे उत्तर अर्थातच उडुपी हॉटेल. तिथल्या वेगाचे कौतुक सगळेच करतात, पण तो वेग वेटरच्या पायांत नसून भटारखान्यात असतो. इडली-डोशाचे पीठ आदल्या रात्रीच आंबवून ठेवलेले असते, सांबार सकाळपासून मंद आचेवर असते, डोशात भरायची बटाट्याची भाजी आणि चटणी तयार असते. गिऱ्हाईक बसल्यावर करायचे उरते ते फक्त तव्यावर पीठ पसरण्याचे काम. म्हणून मागणी सांगितल्यापासून पाच-सात मिनिटांत बशी समोर येते. एका बशीमागे सुटणारे पैसे थोडे असल्यामुळे तेच टेबल दिवसभरात पुन्हा पुन्हा भरावे लागते. न मागता येणारे बिल, बडीशेपेच्या वाटीखाली सरकवलेले, हा त्याच हिशेबाचा भाग असतो. माझ्या सासूबाईंना तो अपमान वाटे. मला कधी वाटला नाही, कारण माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाचीही सुट्टी अर्ध्याच तासाची असते, हे मला ठाऊक होते.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका हॉटेलात मी एकटी आत शिरले, आणि खाली चार खुर्च्या रिकाम्या दिसत असतानाही मला माडीवरच्या फॅमिली रूममध्ये पाठवण्यात आले. एकटी बाई म्हणजे फॅमिली, आणि एकटा पुरुष म्हणजे नुसता गिऱ्हाईक, हे वर्गीकरण करणारा माणूस अदबीनेच बोलत होता. वर वातानुकूलन होते आणि म्हणून दरही वेगळे होते. खाली मिळणारी तीच राईस प्लेट मी वर जास्त पैसे देऊन आणि जास्त वेळ थांबून खाल्ली. १५ नोव्हेंबर २०१७ पासून वातानुकूलित आणि साध्या अशा दोन्ही हॉटेलांतल्या खाण्यावर एकच पाच टक्के जीएसटी झाला, तरी दोन मजल्यांचे दोन दरपत्रक हा प्रकार मी त्यानंतरही पाहिला आहे. माडीवरच्या त्या पहिल्या जेवणानंतर मात्र मी वर जाणे बंद केले. कोणी जिन्याकडे हात केला की मी सरळ जवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसते आणि पाणी मागते. बसलेल्या बाईला उठवण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

माटुंग्याला गेल्यावर कळले की दाक्षिणात्य हॉटेल ही एकच जात नाही. मणीज लंच होम १९३७ चे, कॅफे मद्रास १९४० चे आणि ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. तिन्ही साधारण एकाच काळातली आणि माटुंग्याशी जोडलेली, पण तिघांची घड्याळे वेगळी. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी बाहेर जेवढा वेळ उभे राहावे लागते त्याच्या निम्म्या वेळात आतले खाणे उरकते. रसम वडा, नाचणीचा डोसा आणि डबरा नावाच्या पसरट वाटीत ओतून थंड करायची फिल्टर कॉफी. समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसतो आणि कोणी कोणाची परवानगी विचारत नाही. मुलीच्या वर्गाचे दोन तास काढायला ती जागा अगदीच निरुपयोगी, हे मला पहिल्याच शनिवारी कळले.

बोर्डिंगचे तसे नाही. माटुंगा स्थानकाला लागून असलेल्या मंडईच्या पहिल्या मजल्यावर जिना चढून जायचे, आधी पैसे भरून कुपन घ्यायचे आणि मग पानावर बसायचे. मूळची ही सोय एकट्याने राहणाऱ्या, घरी चूल नसलेल्या नोकरदारांची. म्हणून तिथे माणूस पोटभर जेवला पाहिजे हा पहिला नियम आहे आणि जेवून झाल्यावर त्याने उठले पाहिजे हा दुसरा. केळीच्या पानावर भाज्या, कोशिंबीर, पापड येतात, भात येतो, त्यावर सांबार, मग रसम, शेवटी ताक. वाढपी बादली आणि पळी घेऊन फेऱ्या मारतात आणि त्यांचा हात आपल्या तोंडाच्या ‘पुरे’पेक्षा वेगवान असतो. पानावर आडवा हात धरला तरच तो थांबतो. पानात टाकणे मात्र तिथे खपत नाही, आणि ते मला फार आवडते. घड्याळ लावून पाहिले तर माझे जेवण पंचवीस मिनिटांत होते. कोणी घाई केलेली नसते, पण ताक संपल्यावर पानासमोर रेंगाळणे पंगतीत जसे ओशाळवाणे वाटते तसे तिथेही वाटते.

दोन तासांचे खरे उत्तर इराण्याकडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर ही हॉटेले थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती त्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचे हे वाटते की कोपऱ्याच्या जागेला दोन बाजूंनी दारे मिळतात, उजेड मिळतो आणि आत बसलेल्याला दोन रस्ते दिसतात. चहा, ब्रून मस्का म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, खारी, मावा केक, ऑम्लेट यांना मोठा भटारखाना लागत नाही. पाव-बिस्किटे पहाटेच्या भट्टीतून आलेली असतात. त्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. तेव्हा दुपारी तीन वाजता एका चहावर तासभर बसलेला माणूस मालकाला फारसा महाग पडत नव्हता. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे आणि ‘हे करू नका, ते करू नका’ असे फलक, एवढ्या सरंजामात माणसाला बसू दिले जाई. फलकांवर एवढे नियम आणि प्रत्यक्षात एवढी मोकळीक, अशी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

मुलीचा वर्ग पुढे मरीन लाइन्सला गेला तेव्हा धोबीतलावचे कयानी माझ्या वाट्याला आले. १९०४ पासूनचे हे दुकान अजून चालू आहे. पानी कम चहा मागवावा, ब्रून चहात बुडवून खावा, कारण कोरडा खाल्ला तर टाळू सोलून निघते, आणि पुस्तक उघडावे. तासाभराने संकोचून खिमा पाव किंवा नुसता आणखी एक चहा मागवावा, तो संकोचही आपलाच, कोणी मागितलेला नसतो. माझे दोन जाडजूड संदर्भग्रंथ आणि विभागीय परीक्षेची सगळी तयारी त्या टेबलावर झाली. सगळे इराणी मात्र असे बसू देणारे नाहीत. बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया, १९२३ चे, दुपारच्या जेवणापुरतेच उघडे असते. इराणातल्या झरेश्क नावाच्या आंबट लाल फळांचा बेरी पुलाव खायला तिथे रांग लागते आणि त्या रांगेसमोर पुस्तक उघडण्याइतके निर्ढावलेपण माझ्यात नाही. त्यावर मी एकच सांगेन, की पुलावानंतर कॅरमल कस्टर्ड न खाता उठू नये, रांग असली तरी.

दादरची आपली हॉटेले या हिशेबात कुठे बसतात, यावर मी बराच विचार केला आहे. मामा काणे यांचे उपहारगृह १९१० चे, म्हणजे उल्लेख केलेल्या सगळ्या दाक्षिणात्य हॉटेलांच्या आधीचे. मग शहरभर पसरले ते उडुपी, मराठी उपहारगृह का नाही? भांडवल, नातेवाइकांचे जाळे, कष्टाची तयारी ही नेहमीची उत्तरे खरी असतीलही, पण मला वाटते थोडा दोष थालीपिठाचाही आहे. थालीपीठ हाताने थापावे लागते, मध्ये भोक पाडून तेल सोडावे लागते, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी होऊ द्यावे लागते. साबुदाणा वडा आधी तळून ठेवला तर चामड होतो. भाकरी निवली की गेलीच. आपले पदार्थ घरच्या सैपाकघराच्या वेगाने होतात आणि टेबल मात्र हॉटेलच्या वेगाने रिकामे व्हायला हवे असते. त्यामुळे दादरचे ‘आस्वाद’ हॉटेल असो की ‘प्रकाश’, बाहेर नाव सांगून उभे राहायचे, आत गेल्यावर पुन्हा पदार्थासाठी थांबायचे. थांबताना मागवण्यासारखी गोष्ट म्हणजे पियूष. ते आधीच केलेले असते, लगेच येते, आणि श्रीखंडाच्या जवळचे असल्याने भुकेचा अर्धा जीव तिथेच निघून जातो. मग वडा आला की जागा उरलेली नसते. दर वेळी हे कळते आणि दर वेळी मी पियूषच आधी मागवते.

या अडचणीवर मराठी माणसाने काढलेला सर्वांत चोख तोडगा म्हणजे टेबलच काढून टाकणे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडापाव सुरू झाला आणि त्याचे श्रेय अशोक वैद्य यांना दिले जाते. खुर्ची नाही, बशी नाही, बिल नाही, उभ्या उभ्या चार घास. बसण्याच्या वेळेचा प्रश्नच संपला, आणि हे एकच मराठी खाणे शहराच्या प्रत्येक स्थानकाबाहेर पोचले.

उरले मासे. गोमंतकी आणि मालवणी खानावळीत घाई चालतच नाही, कारण काटा घाई ऐकत नाही. मांदेली, बांगडा, तिसऱ्यांचे एकशिपी खाणारा माणूस दोन्ही हातांनी गुंतलेला असतो आणि त्याला ‘आणखी काही?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. तिथे निवांत बसायचे तर वार पाहून जावे. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी दादरच्या कुठल्याही खानावळीबाहेर गर्दी असते. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार पाळणारे एवढे आहेत की त्या दिवशी हवे ते टेबल मिळते. मासा ताजा आहे का ही शंका मग रास्त असते, आणि ती माझी नणंद न लाजता वेटरला विचारते. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत पापलेटाच्या मागे लागू नये, सुक्या जवळ्यावर आणि खेकड्यांवर भागवावे. शिवाय दरपत्रकात पापलेटापुढे आकड्याऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेले असेल तर आधी विचारावे. आम्ही एकदा विचारले नाही. दोघींच्या त्या जेवणाच्या बिलात आठवड्याचा बाजार आला असता, आणि सोलकढी पिऊन शांत झालेले पोट पुन्हा पेटले.

मुलगी आता नोकरी करते आणि तिच्या भेटीगाठी काचेच्या भिंतींच्या कॉफीच्या दुकानांत होतात. मागच्या महिन्यात ती मला अंधेरीला अशाच एका ठिकाणी घेऊन गेली. दोन कॉफ्यांचे सहाशेच्या वर पैसे तिने आधीच भरले. आजूबाजूला माणसे संगणक उघडून बसली होती आणि त्यांच्या पेल्यांना तळाशी सुकलेल्या फेसाच्या कडा आल्या होत्या. आम्ही बोलत होतो. पाऊण तासाने एक मुलगा हातात ट्रे घेऊन टेबलांच्या मधे उभा राहिला, इकडेतिकडे पाहू लागला, आणि माझे मलाच कळायच्या आत मी पिशवी उचलून उठले. तिने माझा हात धरला. म्हणाली, “आई, बस गं. आपण कॉफीचे नाही, बसायचेच पैसे भरलेत.”

मी बसले. पिशवी मात्र मांडीवरच ठेवली.