४१२चा छडा लागला: लहान होड्या पास, मोठ्या नापास

हर्णै बंदरातल्या मासळी लिलावाच्या नोंदी ठेवणाऱ्या माझ्या अ‍ॅपमध्ये नोंदींच्या दुरुस्त्या ४१२वर, म्हणजे सर्व्हरच्या 'अट जुळली नाही' या उत्तरावर, का अडकत होत्या, ते अखेर सापडलं. कारण इतकं सुरेख निघालं की आज बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच लिहितो.

मागच्या लेखात पोस्ट ('नवी नोंद कर') काढून पुट ('या पत्त्यावर ही नोंद ठेव') आणलं होतं. किनाऱ्यावर रेंज येते-जाते. नोंद सर्व्हरला पोचते, उत्तर परत यायच्या आत रेंज जाते, फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एकाच लिलावाच्या दोन नोंदी होतात. आता यूयूआयडी, म्हणजे नोंदीचा एकमेव क्रमांक, फोनच बनवतो आणि त्याच पत्त्यावर पुट करतो. पहिल्यांदा २०१ (नवी झाली), पुढे कितीही वेळा पाठवलं तरी २०४ (झालं), नोंद एकच. हे अजून घट्ट उभं आहे, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

एका फोनने दुसऱ्याचा आकडा पुसू नये म्हणून त्यावर ईटॅग (नोंदीच्या प्रतीला सर्व्हरने दिलेली खूण) आणि इफ-मॅच (ती खूण जुळली तरच बदल, नाहीतर ४१२) चढवलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे त्या काळात फक्त बिगरयांत्रिक होड्यांचा थोडाफार माल यायचा. सगळं सुरळीत चाललं. ऑगस्टात ट्रॉलर सुटले आणि ४१२चा पाऊस सुरू झाला. नोंदीला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, फोन एकच, तरी सर्व्हर म्हणतो, तुमची प्रत जुनी आहे. घरच्या मशीनवर तीच नोंद निमूट सेव्ह होते. (ब्राउझरने ईटॅग वाचू द्यावा म्हणून तो कॉर्सच्या एक्स्पोज-हेडर्समध्ये लागतो; तिथे आहे का, हे सर्वांत आधी पाहिलं. आहे.)

धागा दिला तो हिशेब लिहिणाऱ्या आमच्या दादाने. तो म्हणाला, "लहान होडीचं घेतं रे, मोठ्या होडीला नाय म्हणतं."

मग अडकलेल्या आणि सुटलेल्या नोंदींचा आकार मोजला. १००० बाइटच्या आतली एकही अडकलेली नव्हती, वरची एकही सुटलेली नव्हती. लहान होडीच्या नोंदीत दोन-तीन ओळी असतात. ट्रॉलरच्या नोंदीत सुरमई, पापलेट, बांगडा, म्हाकूल, कोळंबी, प्रत्येकाचं वजन, भाव, घेणारा. शिवाय यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, नुसती 'सुरमई' १५ बाइटची. आणि भाड्याच्या सर्व्हरवर अ‍ॅपची उत्तरं पुढे पाठवणारा एनजिनएक्स हा प्रोग्राम बसतो; त्याच्या सेटिंगमध्ये जीझिपची, म्हणजे उत्तर दाबून लहान करण्याची, किमान मर्यादा होती बरोबर १००० बाइट.

पुढचं आपोआप उलगडलं. एनजिनएक्स उत्तर जीझिप करतो तेव्हा पक्का ईटॅग (बाइट न् बाइट तेच) कच्चा (आशय तोच) करतो, सुरुवातीला 'डब्ल्यू' आणि तिरकी रेघ लावतो. दाबलेले बाइट मूळ बाइटांसारखे नसतात, म्हणून ते योग्यच आहे. पण इफ-मॅचला पक्की तुलना लागते, हे वेबच्या नियमांच्या दस्तऐवजात, २०२२च्या आरएफसी ९११०मध्ये, स्वच्छ लिहिलंय, आणि पक्क्या तुलनेत कच्चा ईटॅग कधीच जुळत नाही. फोनने मिळालं तेच परत पाठवलं, सर्व्हरने नियमानेच नाकारलं. घरी मध्ये एनजिनएक्स नाही, म्हणून तिथे काही दिसत नव्हतं.

'डब्ल्यू' कापून पुढे पाठवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या खुणेवर भरवसा ठेवायचा तीच खरवडली तर ती ठेवायची कशाला? मी एकेकट्या नोंदीच्या पत्त्यावर जीझिप बंद केलं, दिवसभराच्या यादीवर चालू ठेवलं. खरी बचत यादीतच होते. त्याच संध्याकाळी ट्रॉलरची दुरुस्ती पहिल्या दणक्यात गेली. दादाने फोन वर करून दाखवला!

पुढे ठरलं होतं की खराखुरा ४१२ आला, म्हणजे मध्ये दुसऱ्याने खरंच बदल केला, तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवायचे. पण हे लिहिताना दादाची वही आठवली. तो भाव खोडत नाही, वर एक रेघ मारतो आणि खाली नवा लिहितो. मग अ‍ॅपने तरी जुनी नोंद का बदलावी? प्रत्येक दुरुस्ती ही स्वतंत्र नोंद, स्वतःचा यूयूआयडी, आणि पुटसोबत इफ-नन-मॅचमध्ये तारा (*), म्हणजे 'तिथे काहीच नसेल तरच ठेव'. तो पत्ता आधीपासून असेल तर ४१२ येईल, म्हणजे आपली दुरुस्ती आधीच पोचलेली. ज्या ४१२ने इतकं छळलं तीच पोचपावती. तुलना नाही, कच्चा-पक्का नाही, आणि भाव कुणी कधी बदलला तेही राहतं. शेजारी शेजारीचा पडदा रद्द. इफ-मॅच फक्त होड्यांच्या यादीपुरतं ठेवतो.

आयफोनचं मात्र अडलेलंच आहे. सफारीत बॅकग्राउंड सिंक (अ‍ॅप समोर नसतानाही नोंदी पाठवणं) नाही, त्यामुळे फोनवरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यातली न पोचलेल्या नोंदींची रांग अ‍ॅप समोर आल्यावरच रिकामी करावी लागते. 'जोडणी आली' असं सांगणाऱ्या 'ऑनलाइन' इव्हेंटवर मी विसंबत नाही, टॉवर दिसला की तो हो म्हणतो, डेटा जावो न जावो. त्यापेक्षा रांगेतली पहिली नोंद पाठवून बघणं बरं. यापेक्षा चांगलं कुणी जमवलं असेल तर जरूर कळवा. तोवर दुरुस्त्यांचा नवा पत्ता लिहायला घेतो.