वाड्याच्या चौकटीला कोणता गोंद?

नाशकातल्या दहीपुलाजवळचा आजोळचा वाडा पडला, त्याची मी घरी छोटी प्रतिकृती करते आहे. एका फुटाला एक इंच हे प्रमाण. भिंती एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या), चौकटी आणि तुळया सागाच्या पट्ट्यांच्या. खरी चार इंची चौकट इथे जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंद होते, जाडी दीड. एवढ्या नाजूक पट्टीला गोंद कोणता लावायचा, यात माझा अख्खा पावसाळा गेला.

आधी झटपट गोंद वापरला, सायनोअ‍ॅक्रिलेटवाला. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. जुलैतल्या नाशकात ओलाव्याला काय तोटा! पट्टी टेकवली की संपलं, केसभरही सरकवता येत नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीच्या पॉलिश केलेल्या खांबांवर पांढुरकी राख बसल्यासारखं दिसलं. गोंदाची वाफ दमट हवेत अशी आसपास पांढरी बसते. तीन खांब घासून पुन्हा रंगवले. फार जिवावर आलं.

मग साधा पांढरा फेविकॉल घेतला. त्यात पाणी असतं, म्हणून पट्टी एकाच बाजूने भिजते, फुगते आणि होडीसारखी वाकते. ओळखीच्या सुतारकाकांनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, “ताई, एवढा गोंद तर मी पलंगाला लावतो.” आता टूथपिकने पुसट थर देते, मिनिटभर थांबते, मग पट्टी बसवून मास्किंग टेप लावते आणि रात्रभर वजन ठेवते. पावसाळ्यात दोन रात्री. घाई असेल तिथे मध्ये फेविकॉल आणि दोन टोकांना झटपट गोंदाचा एकेक ठिपका. ठिपके पट्टी धरून ठेवतात, खरी पकड फेविकॉलची.

रंगाचा क्रम मात्र चुकवू नका. जिथे गोंद सांडतो तिथलं लाकूड नंतर रंग पीत नाही, डाग कायमचा राहतो. म्हणून स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आधी; गोंद नंतर. पॉलिश फक्त दर्शनी बाजूला; मागची बाजू कोरीच ठेवायची, कारण फेविकॉलला लाकडात मुरायला वाट लागते. भिंत रंगवलेली असेल तर पट्टीखालचा रंग खरवडून काढायचा, नाहीतर पट्टी रंगाचा पापुद्रा घेऊनच सुटते. साग तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घेते. खिडकी उघडी ठेवून.

दिंडी दरवाजाची पितळी कडी राहिली आहे. धातूला फेविकॉल धरत नाही, तिथे दोन ट्यूब कालवून करायचा इपॉक्सीच हवा. कडी किती उंचीवर होती, आईला विचारलं. म्हणाली, “माझ्या कपाळाशी यायची. आठ वर्षांची होते मी तेव्हा.” म्हणजे साधारण पावणेचार फूट. माझ्या दारावर पावणेचार इंचांवर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.