शेवटची नावं वाचू द्या

आज स्ट्रीमिंग ॲपवर बघत असलेला चित्रपट संपला आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. पार्श्वसंगीत कुणाचं हे वाचेपर्यंत अख्खी नामावली एका कोपऱ्यात आक्रसली आणि पुढचा कार्यक्रम सुरू व्हायला किती सेकंद उरले ते आकडे झळकायला लागले. मला याचा खरंच राग येतो. ध्वनिमुद्रक, संकलक, रंगभूषाकार, प्रकाशयोजनेतले सहायक... या माणसांची नावं प्रेक्षकापर्यंत पोचायची हीच तर जागा! शिवाय चांगला सिनेमा संपल्यावर थोडा वेळ नुसतं बसून राहावंसं वाटतं. ती उसंतही गेली.

१९७५-७६ मध्ये बीटामॅक्स आणि व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ कॅसेट आल्या, तेव्हा चित्रपट थांबवणं, मागे नेणं घरबसल्या प्रेक्षकाच्या हातात आलं. स्ट्रीमिंगने निवड अफाट वाढवली, उपशीर्षकांमुळे परक्या भाषांतले सिनेमे घरात आले. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण कुठे थांबायचं, हे मात्र आता ॲप ठरवू पाहतं.

बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले, म्हणजे पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू होणं, बंद करता येतं. (मोबाईल आणि टीव्हीवर कधीकधी वेगवेगळं करावं लागतं.) मी आज केलं. तुम्हीही करून बघा, आणि निदान संकलकाचं नाव तरी वाचा.