कोतवाल बुकातली नोंद आणि माझा नर्सिंगचा प्रवेश

2017 च्या फवारणीच्या हंगामात माझ्या काकांना विषबाधा झाली. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी शेतकरी-शेतमजूर असेच दवाखान्यात पोचले, काही परत आलेच नाहीत. काका वाचले. मी अकरा वर्षांची होते. सरकारी दवाखान्यात आईसोबत एक रात्र काढली. एक सिस्टर थोड्या थोड्या वेळाने यायची, काकांची पापणी वर करून बॅटरीच्या उजेडात बाहुली बघायची, नाडी मोजायची, कागदावर लिहायची. अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, सुरू असताना असं लक्ष ठेवावं लागतं, हे मला फार नंतर कळलं. नर्सचं काम मात्र मी तिथेच पाहिलं.

आमच्या गावात एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स सगळ्यांना ठाऊक आहेत. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं आणि त्याला वेगळी सीईटी असते, हे 2024 मध्ये मी बारावीला असताना कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी वीस असे शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. क्लास लावला नाही. जीवशास्त्राचं बोर्डाचं पुस्तक तीनदा वाचलं. इंग्रजीची भीती होती, म्हणून रोज एक उतारा मोठ्याने वाचायचे. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. त्याआधी मी माऊस फार तर दोनदा हातात धरला होता, म्हणून सेतू केंद्रातल्या दादांकडे जाऊन मॉक टेस्ट दिल्या. पर्सेंटाइल चांगले आले.

खरी परीक्षा कागदांची होती. आम्ही कुणबी, ओबीसी. जातीचा दाखला होता, पण प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरवणारं प्रमाणपत्र लागतं, आणि ओबीसीसाठी घराण्याच्या जातीचा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. माझे आबाजी, म्हणजे आजोबा, शाळेची पायरीच चढले नाहीत, तर शाळेतली नोंद कुठून येणार? मग उरलं कोतवाल बुक. जुन्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा आणि ते त्या वहीत लिहिले जायचे.

बाबा सोयाबीनची पेरणी सोडून तीनदा तहसीलला गेले. तिसऱ्या खेपेला मीही गेले. वही काढली तेव्हा कडा हाताला लागून गळत होत्या. पान उलटता उलटता बाबांनी बोट ठेवलं. बापाचं नाव, जात कुणबी, मुलगा झाला, तारीख. आडनाव नाही, बाळाचं नाव नाही. हा मुलगा म्हणजे आबाजीच, हे सिद्ध करायला शेताचा जुना फेरफार, म्हणजे जमीन नावावर झाल्याची नोंद काढली, वंशावळीचं शपथपत्र केलं. आबाजींचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच होतं, त्यासाठी आणखी एक शपथपत्र. रात्री मी रडले तेव्हा आबाजी म्हणाले, "कायले रडतं वं पोरी? कागदच हाय न, भेटते."

माझं कळकळीचं सांगणं आहे, वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. निकालाची वाट बघू नका. नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याच्या प्रमाणपत्राची मुदतही बघून घ्या. माझ्या एका मैत्रिणीचं संपलेलं निघालं आणि ऐन जुलैत तिची धावपळ झाली.

वैधता प्रमाणपत्र हातात आलं आणि पसंतीक्रम भरला. पहिल्या फेरीत एक खाजगी कॉलेज लागलं. रुजू झाल्यावर तिथे स्टेटस रिटेन्शन फॉर्म पुढे केला, "सगळेच भरतात" म्हणाले. तो भरला की पुढच्या फेरीतून आपण बाहेर. हे मी आधी नियमात वाचलं होतं, म्हणून नाही म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले. दुसऱ्या फेरीत नागपूरच्या मेडिकलचं शासकीय परिचर्या महाविद्यालय मिळालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी फाइल लावत होते. आबाजी बाजेवर बसले होते. म्हणाले, "माही तारीख वाच बरं एकडाव." आधार कार्डावर त्यांची अंदाजे 1 जानेवारी घातलेली. मी कोतवाल बुकाची नक्कल उघडून वाचली, 2 जून 1946. त्यांनी परत वाचायला लावली. मग आईला आवाज दिला, "आयकलं काय वं? जूनचा हाव मी. पेरणीच्या तोंडावरचा."