वेड्या बाभळीचा पाईप

पाईप ओढणाऱ्यांमध्ये ब्रायर सोडून दुसऱ्या लाकडाचं नाव काढणं म्हणजे जवळजवळ पाखंड. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती खणून काढतात, तासन् तास उकळतात आणि महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं सुकवतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोदच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती हाताळायला घेतली. त्याआधी ते बॉक्सवूडचे पाईप करत. म्हणजे ब्रायरसुद्धा एके काळी पर्यायीच होती! दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून माल येईना, तेव्हा अमेरिकेत माउंटन लॉरेल आणि मँझनिटा या तिथल्या झुडपांच्या गाठींचे पाईप निघाले. मग सोलापुरात बसून इटलीहून ठोकळे कशाला मागवायचे, हा प्रश्न मला पडला आणि त्यातून हा उद्योग सुरू झाला.

आपल्याकडे कठीण लाकडाला तोटा नाही, पण पाईपला नुसता कठीणपणा पुरत नाही. शिसव दिसायला राजेशाही, पण तिच्या भुशानं कातडीला आणि डोळ्यांना त्रास होतो. ते तापवून त्यातून श्वास ओढायची माझी तयारी नव्हती. सागवानात तेल. कण्हेर तर विषारीच, तिचा विचारही नको. चिंचेचा जांभळट-काळा गाभा सुंदर असतो, पण पुरेशा जाडीचा मिळणं मुश्कील आणि बाहेरचं पांढरं लाकूड किडे खातात. माझा नियम साधा होता: ज्या झाडाचं लाकूड माणसं पिढ्यान् पिढ्या चुलीत घालतात किंवा दातांखाली चावतात, तिथून सुरुवात करायची. दातण म्हटलं की बाभूळ, आणि तिच्याही आधी माझ्या डोळ्यांसमोर आली वेडी बाभूळ.

हे झाड १८७० च्या दशकात परदेशातून भारतात आणलं गेलं आणि आता माळरानं गिळत बसलंय. तोडलं तर कुणी रडत नाही. पण याचंच भावंड, मेस्किट, टेक्सासमध्ये मांस धुरावर भाजायला आवडीनं वापरतात आणि तिथले हौशी कारागीर त्याचे पाईपही करतात. सुकताना हे लाकूड फार कमी आकसतं, हा त्याचा मोठा गुण.

अडचण एवढीच की आपल्याकडे ते बहुतेक झुडूपच असतं. हाताएवढ्या जाडीच्या फांद्या ढिगानं मिळतात, बुंधा मिळत नाही. शेवटी गावाबाहेरच्या कोळशाच्या भट्टीवर गेलो. भट्टीवाल्या काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाळायच्या लाकडाची चिलीम करताय व्हय? आतल्या आत जळून जाईल की, साहेब!"

शंका रास्त होती. चिलीम मातीची, तिला ही भीती नाही. लाकडी पाईप जळत नाही याची कारणं तीन: भिंत जाड असते, आत हवा अगदी थोडी खेळते, आणि ओढता ओढता आतून कार्बनचा थर बसतो, तोच पुढे लाकडाला वाचवतो. ब्रायरला हे जास्त सहज जमतं. इतर लाकडांत भिंत जाड ठेवून भरपाई करावी लागते. काकांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण जमिनीलगतचा एक गाठाळ बुंधा त्यांनी बाजूला काढून दिला.

त्याचे ठोकळे पाडताना खोडाचा अगदी मध्य टाळला, कारण मध्य ज्यात येतो तो ठोकळा तडकतोच. दोन्ही टोकांना मेण फासलं, म्हणजे पाणी सगळीकडून सारखं जातं, आणि ठोकळे सावलीत ठेवले. वजनकाट्यावर ठेवून दर थोड्या दिवसांनी आकडा लिहायचा. आकडा उतरायचा थांबला की लाकूड तयार. सोलापूरचा उन्हाळा यात फुकटचा मदतनीस. कोकणात हेच काम किती लांबलं असतं कोण जाणे.

छिद्रं पाडायला पोळपाट-लाटणी कातणाऱ्या एका मामांचा लेथ वापरायला मिळाला. ठोकळा चौकोनी असतानाच छिद्रं पाडायची, आकार नंतर. गोल केलेला तुकडा गुण्यात धरता येत नाही. तंबाखू भरायची पोकळी, म्हणजे पाईपची खोली, १९ मिलिमीटर रुंद, ४० खोल. त्यासाठी ड्रिलच्या चपट्या बिटाचं टोक घासून गोल केलं, म्हणजे तळ वाटीसारखा येतो. धुराचं छिद्र ४ मिलिमीटरचं आणि ते तळाशीच उघडायला हवं. वर उघडलं तर तळाची तंबाखू ओली राहते, खाली गेलं तर तळ पातळ होतो. सगळा पाईप या एका भेटीवर अवलंबून असतो, बाकी नक्षी. भिंत मी कुठेच ९ मिलिमीटरच्या खाली उतरू दिली नाही, तळ तर त्याहून जाड. दिसायला थोडा धटिंगण झाला, असू दे.

मागची, तोंडात धरायची नळी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. फाउंटन पेन करणाऱ्याकडून कांडी मिळाली. आपल्याकडे हातानं पेनं करणारे अजून आहेत, हे पाईपवाल्यांचं भाग्य. ती गरम करून वाकवताना छिद्रात तार घालावी, नाहीतर छिद्र बसतं. लाकडात जाणारा खुंटा डेलरिन या कठीण प्लास्टिकचा केला, कारण तो सहजी झिजत नाही.

आकार खरखरीत कानशीनं, मग पॉलिश पेपर. भुसा नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवाच. बाहेरून वॉर्निश अजिबात नाही, उष्णतेनं त्याला फोड येतात. कार्नोबा नावाचं, ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं कडक मेण लावून घासलं. ते ८० अंशांच्या वर वितळतं, म्हणून टिकतं. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांतच पातळ होऊन हाताला लागतं.

कार्बनचा थर बसेपर्यंत लाकूड वाचावं म्हणून आतून लेप देतात. त्यासाठी परदेशी कारागीर सावर क्रीम आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल वापरतात. मी चक्का घेतला. औषधाच्या दुकानातल्या चारकोलच्या कॅप्सूल फोडून त्यात कालवल्या, पातळ थर दिला आणि पूर्ण वाळू दिला. घरात या प्रकारावर काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्या काही वेळा खोली अर्धीच भरायची आणि हळू ओढायचं. बोटांना चटका बसायला लागला की खाली ठेवायचा. गरम असताना नळी उपसायची नाही, ती जिथे बसते तो लाकडी दांडा चिरतो. चव? सुरुवातीला लाकडाचा किंचित गोडसर वास येत होता, तो कार्बनचा थर बसल्यावर गेला. ब्रायरइतका थंड हा राहत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर मी मानणार नाही. पण आतून भाजल्याची खूण कुठे नाही, चीर नाही. मी क्वचितच ओढतो आणि कुणी ओढावा असा माझा सल्लाही नाही. मला यातली सुतारकीच जास्त आवडली. आता रामकाठी बाभळीचे आणि बोरीचे ठोकळे मेण लावून सुकत ठेवलेत. बोरीचं वजन अजून उतरतंय.